रिकाम्या यंत्रावर भार २.०० : लोड ॲव्हरेज आणि घड्याळाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

तीन यंत्रं तपासायची आहेत. 'क'ला आठ कोर आहेत आणि लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ५.१०, काहीही चालू नसताना लोड ॲव्हरेज (भार), म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, २.०० वर चिकटलेलं असतं. 'ख'वर ४.१ मालिकेतला सुरुवातीचा कर्नेल. तिथे भार कधीच पूर्ण शून्यावर येत नाही. 'ग'ला चार कोर, कर्नेल ५.१०, घड्याळ दिवसाला जवळजवळ अर्धा मिनिट पुढे पळतं आणि दर पावणेदोन तासांनी एकदा भाराचा डोंगर उभा राहतो. तिन्हीकडे एचझेड (सेकंदाला पडणारे कर्नेलचे ठोके) २५०, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना एक टिक.

टॉप किंवा अपटाइमच्या पडद्यावरून आकडे उतरवायचे नाहीत असं ठरवलं. दर मिनिटाला कर्नेलची स्थिती दाखवणाऱ्या फाइली /प्रॉक/लोडॲव्हजी, /प्रॉक/स्टॅट, /प्रॉक/अपटाइम आणि चालू क्लॉकसोर्सचं, म्हणजे कर्नेल ज्यावरून वेळ मोजतो त्या घड्याळाचं, नाव, एवढंच कच्च्या रूपात फाइलीत जाईल. नोंद घेणारी स्क्रिप्ट मिनिटाच्या ठोक्यावर सुरू होऊ नये म्हणून आधी ० ते २० सेकंदांचा यादृच्छिक थांबा घातला. ठोक्यावर चालणाऱ्या मोजणीला ठोक्यावरचीच कामं दिसतात.

एक जुनी चूक आधीच टाळून ठेवू: /प्रॉक/स्टॅटमधले आकडे एचझेडच्या हिशोबात नसतात, ते १/१०० सेकंदाच्या एककात येतात. कर्नेल २५० चा असला तरी भागायचं १०० नेच. गेटकॉन्फला क्लॉक-टिक विचारलं की हेच उत्तर मिळतं. इथे २५० ने भागलं तर सगळे वेळ अडीच पटींनी कमी दिसतात आणि पुढचे चार दिवस वाया जातात.

४ मार्च

आधी निरोगी यंत्र कसं दिसतं ते पाहायला हवं. रिकाम्या यंत्रावर एकच अनंत लूप चालवला. ६० सेकंदांनंतर तीन आकडे ०.६३, ०.१८, ०.०६. 'एक मिनिटाची सरासरी' हे नावच फसवं आहे. ती साधी सरासरी असती तर मिनिटाअखेर १.०० दिसलं असतं. प्रत्यक्षात ती घातांकी घसरण असलेली सरासरी आहे: दर सॅम्पलला जुन्या किमतीचा थोडा भाग विसरायचा आणि नव्याचा तेवढाच मिसळायचा. मिनिटाला ६३ टक्केच अंतर कापलं जातं.

हिशोब स्थिर-बिंदू अंकगणितात होतो. १.०० म्हणजे २०४८. तीन गुणक १८८४, २०१४ आणि २०३७. सॅम्पल दर ५ सेकंद अधिक एक टिक एवढ्या अंतराने, आपल्याकडे ५.००४ सेकंदांनी. त्या क्षणी चालू किंवा रांगेत असलेली कामं अधिक डी स्थितीत, म्हणजे अखंड (मध्येच जागं करता न येणाऱ्या) झोपेत अडकलेली कामं मोजली जातात. १९९३ पासून लिनक्समध्ये डी मोजली जाते. त्या वेळचा युक्तिवाद असा होता की वेगवान स्वॅप डिस्क काढून हळू डिस्क बसवली, तर यंत्र रखडतं पण भाराचा आकडा मात्र खाली येतो. हे उलटं आहे. युक्तिवाद बरोबरच होता. फक्त त्या दिवसापासून हा आकडा प्रोसेसरचा राहिला नाही, आणि लोक अजून तो प्रोसेसरचाच समजून कोरांच्या संख्येने भागतात.

५ मार्च

'क'. पीएसला, म्हणजे चालू कामांची यादी देणाऱ्या आज्ञेला, स्थिती, पीआयडी, नाव आणि वेटिंग-चॅनेल हे रकाने मागून डी असलेल्या ओळी गाळल्या. दर वेळी तेच दोन कर्नेल थ्रेड. दोन्ही एका बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरचे, मुख्य कर्नेलमध्ये नसलेल्या. रूटने /प्रॉकमधला त्यांचा स्टॅक (चालू फंक्शनांची साखळी) पाहिला: एमस्लीप, म्हणजे ठरावीक मिलिसेकंद थांबणारं फंक्शन, त्याखाली ड्रायव्हरचं पुनर्प्राप्तीचं फंक्शन. सिसआरक्यूला (कर्नेलला थेट आज्ञा देण्याची सोय) डब्ल्यू देऊन अडकलेल्या कामांची यादी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या संदेश-नोंदीत, काढली, तिथेही हेच.

एमस्लीप अखंड झोप घेतो. नुसतं 'अर्धा सेकंद थांब' म्हणणारा थ्रेडसुद्धा त्यामुळे भारात एक पूर्ण अंक घालतो, प्रोसेसरचं एकही चक्र न वापरता.

भार खरा की दिखाऊ हे ठरवायला प्रेशर फाइली उपयोगी पडतात; कामं किती टक्के वेळ अडून राहिली ते त्या सांगतात. त्या ४.२० पासून, म्हणजे २०१८ पासून आहेत. /प्रॉक/प्रेशरमधल्या सीपीयू, आयओ (डिस्कसारखं वाचन-लेखन) आणि मेमरी तिन्हींत १०, ६० आणि ३०० सेकंदांचे आकडे ०.००. एमस्लीपमधला थ्रेड आयओची वाट पाहत नसतो, म्हणून तिथे त्याची नोंद होत नाही; आयओवेट (आयओची वाट पाहण्यात गेलेला वेळ) हाही शून्यच राहतो. भार २ आणि तिन्ही दाब शून्य म्हणजे कोणाचंही काम अडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. नोंदीत बूटनंतर पहिली पाच मिनिटं भार शून्याजवळ आहे, आणि मग चढायला लागतो. तीन वेळा रीबूट केलं, तिन्ही वेळा पाच मिनिटंच. तापमान, नेटवर्क, क्रॉन (वेळापत्रकाने कामं चालवणारी सेवा) यांपैकी काही असतं तर वेळ थोडी मागेपुढे झाली असती. उघडं ठेवलं.

६ मार्च

'ख'. पूर्ण रिकाम्या यंत्रावर आकडे ०.००, ०.०१, ०.०५ वर थांबतात. इथे डी स्थितीत कोणी नाही. दोष गोलाईचा आहे.

त्या काळच्या कर्नेलमध्ये दर सॅम्पलला गुणाकारानंतर १०२४ मिळवून २०४८ ने भागत. १५ मिनिटांसाठी गुणक २०३७, म्हणजे दर वेळी किमतीच्या २०४८ भागांपैकी ११ भाग घटायला हवेत. पण किंमत ९३ झाली की ९३ गुणिले ११ म्हणजे १०२३, हे १०२४ पेक्षा कमी. गोलाई सगळी घट गिळून टाकते आणि ९३ चे ९३ च राहतात. ५ मिनिटांचा आकडा याच कारणाने ३० वर अडतो, १ मिनिटाचा ६ वर. छापताना कर्नेल आणखी १० मिळवतो: १०३ भागिले २०४८ म्हणजे ०.०५, ४० भागिले २०४८ म्हणजे ०.०१, १६ भागिले २०४८ म्हणजे ०.००. पडद्यावरचे तिन्ही आकडे कागदावर निघाले, त्यामुळे यंत्रात आणखी काही शोधायचं कारण उरलं नाही.

पूर्ण भारावर याचंच उलट रूप दिसतं: एक लूप तासन् तास चालवला तरी १.००, ०.९९, ०.९५. २०१६ मध्ये हे दुरुस्त झालं. आता भार चढत असेल तरच वर गोल करतात, उतरत असेल तर खाली. 'ख'चा कर्नेल बदलायच्या यादीत टाकला, बाकी काही करायचं नाही. देखरेखीचा इशारा '०.०५ पेक्षा जास्त' असा कोणी लावला असेल तर तो काढावा.

१० मार्च

'ग'वरचा डोंगर. नोंदीत एक मिनिटाचा भार साधारण दीड-दोन मिनिटं चढतो, ७ ला टेकतो आणि उतरतो. दोन शिखरांमध्ये १ तास ४४ मिनिटं. क्रॉनमध्ये असलं काही नाही. शिखराच्या वेळी प्रोसेसर ९५ टक्क्यांहून जास्त रिकामा.

अंतरावरूनच उत्तर काढता येतं. भाराचं सॅम्पल ५.००४ सेकंदांनी. यंत्रावरचा देखरेख एजंट दर ५.००० सेकंदांनी जागा होतो, आठ थ्रेड एकदम सोडतो, आणि ते सुमारे १०० मिलिसेकंद रांगेत-कामात असतात. प्रत्येक फेरीत सॅम्पल एजंटच्या तुलनेत ४ मिलिसेकंद पुढे सरकतं. ५ सेकंदांचं अख्खं वर्तुळ फिरायला १२५० फेऱ्या लागतात. १२५० गुणिले ५.००४ म्हणजे ६२५५ सेकंद, १०४ मिनिटं. बहुतेक वेळ सॅम्पलला एजंट झोपलेलाच सापडतो आणि भार खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मग २५ फेऱ्या, म्हणजे दोन मिनिटं, सॅम्पल नेमकं त्या १०० मिलिसेकंदांत पडतं आणि प्रत्येक वेळी आठ मोजले जातात. २५ सॅम्पलांत एक मिनिटाची सरासरी ८ च्या ८७ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ७. खरी दीर्घ सरासरी ०.१६ आहे.

तो एक जादा टिक २००७ मध्ये घातला गेला, तोही याच रोगावर. आधी नेमक्या ५ सेकंदांना सॅम्पल पडे आणि नेमक्या सेकंदावर उठणारी कामं एकतर कायम दिसत किंवा कधीच दिसत नसत. एका टिकने रोग गेला नाही, फक्त फिरता झाला. एचझेड १००० असेल तर चक्र ५००० फेऱ्यांचं, म्हणजे जवळपास सात तासांचं होतं, आणि शिखर चौपट रुंद. 'दर सात तासांनी भार का वाढतो' असा प्रश्न आला की आधी पाच किंवा दहा सेकंदांचा एजंट शोधावा.

उपाय: एजंटच्या प्रत्येक फेरीला ० ते ५ सेकंदांचा यादृच्छिक विलंब. दोन दिवसांच्या नोंदीत शिखर नाही.

१२ मार्च

टिकवर अवलंबून असलेली दुसरी मोजणी, प्रोसेसर वापराची, याच निमित्ताने तपासली. 'ग'वर चाचणी प्रोग्राम: मोनोटॉनिक-कोर्स घड्याळ वाचत राहायचं. ते टिकलाच पुढे सरकतं, म्हणून ते बदललं की टिक नुकती पडली असं समजायचं. मग ३ मिलिसेकंद काम, आणि टिकपासून ४.१ मिलिसेकंदांच्या निरपेक्ष वेळेपर्यंत झोप. टायमर-स्लॅक (जाग येण्याच्या वेळेतली मुभा) मूळचा ५० मायक्रोसेकंद असतो, तो पीआरसीटीएलने १ नॅनोसेकंदावर आणला. नाहीतर जाग येण्याची वेळ हलते. प्रोग्राम एका कोरला बांधला.

टिक पडते तेव्हा प्रोग्राम झोपलेला असतो, म्हणून त्या कोरच्या ओळीत 'युजर' जवळपास वाढतच नाही. गंमत पुढे आहे. टॉपच्या प्रोसेस-यादीत तोच प्रोग्राम सत्तर टक्क्यांच्या वर दिसतो आणि वरच्या ओळीत कोर रिकामा. दोन्ही आकडे कर्नेलनेच दिलेले. प्रोसेसचा एकूण वेळ शेड्यूलर नॅनोसेकंदांत मोजतो. टिकचा उपयोग फक्त युजर आणि सिस्टम अशी वाटणी करायला होतो. कोरच्या ओळीतला वापर मात्र टिकनेच गोळा होतो.

पकडायची सोपी खूण: १० सेकंदांच्या अंतराने एका कोरच्या ओळीतले युजर ते स्टील हे आठ आकडे घेऊन फरकांची बेरीज करायची. ती १००० च्या आसपास यायला हवी. इथे तीनशेच्या आसपास आली. नो-हर्ट्झ, म्हणजे रिकाम्या कोरवर टिक थांबवणाऱ्या, कर्नेलमध्ये रिकामा वेळ अचूक घड्याळाने मोजतात आणि वापर टिकने, त्यामुळे टिक चुकवणाऱ्याचा वेळ दोन्हीकडून निसटतो. टॉप बेरजेलाच १०० टक्के धरतो, म्हणून पडद्यावर काहीच विचित्र वाटत नाही.

प्रोसेसचा खरा आकडा हवा असेल तर तिच्या शेडस्टॅट फाइलीतला पहिला अंक घ्यावा: प्रोसेसरवर घालवलेले नॅनोसेकंद. दुसरा अंक रांगेत घालवलेल्या वेळेचा. कर्नेलमध्ये सीमेवर, म्हणजे प्रोग्राममधून कर्नेलमध्ये शिरताना-निघताना, मोजणी करणारा पर्याय आहे, पण तो बांधणीत निवडून पुरत नाही; बूटच्या ओळीत नो-हर्ट्झ-फुलची कोरं दिली तरच चालू होतो, आणि प्रत्येक सिस्टम कॉलला (प्रोग्रामने कर्नेलकडे केलेल्या विनंतीला) त्याची किंमत पडते. इथे गरज नाही.

१४ मार्च

'ग'चं पळणारं घड्याळ. पाच वेळा रीबूट करून डीमेसेजमधली टीएससीची, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या चक्र-मोजकाची, ओळ टिपली: २३९९.२, २४००.४, २३९९.७ मेगाहर्ट्झ, आणि दोनदा २४००.० च्या जवळ. स्फटिक बूटगणिक बदलत नाही. चुकते आहे ती कर्नेलची मोजणी.

२४०० च्या जागी २३९९.२ धरलं की चूक दशलक्षात ३३३ भाग, म्हणजे दिवसाला २८.८ सेकंद, पुढे. २४००.४ धरलं की १४.४ सेकंद मागे. क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) बंद ठेवून दर बूटला सहा तास मोजलं. दिशा आणि प्रमाण दोन्ही जुळले. दर बूटला चूक वेगळी असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे कर्नेलची मोजणी, कायम एकच असेल तर स्फटिक, अशी वाटणी सुरुवातीलाच करून घ्यावी.

बूटच्या सुरुवातीला कर्नेल पीआयटीशी, म्हणजे १.१९३१८२ मेगाहर्ट्झच्या जुन्या टायमरशी, तुलना करून घाईघाईत अंदाज घेतो, आणि चूक दशलक्षात ५०० भागांच्या आत आली की थांबतो. साधारण सेकंदाभराने एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर, म्हणजे यंत्रातली दुसरी घड्याळं, वापरून तो अंदाज घासून घेतला जातो आणि 'रिफाइन्ड' अशी ओळ छापली जाते. 'ग'च्या डीमेसेजमध्ये ही ओळच नाही. बूटच्या ओळीत कोणीतरी एचपीईटी बंद करून ठेवलेला, आणि एसीपीआय टायमर फर्मवेअरमध्ये बंद. घासायला दगडच नव्हता. टीएससीवर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉगकडूनही इशारा आला नाही; एवढी लहान चूक त्याच्या मर्यादेतच बसते. नव्या प्रोसेसरांपैकी बरेच आपली वारंवारता सीपीयूआयडीमधून स्वतःच सांगतात. हा जुना आहे.

पर्याय काढला, रीबूट केलं, ओळ आली. चार बूटांमध्ये आकडे दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत एक.

जाता जाता: एनटीपीडी (क्रोनीसारखाच घड्याळ जुळवणारा) दशलक्षात ५०० भागांपर्यंतच सावरू शकतो, दिवसाला ४३.२ सेकंद. क्रोनी टिकची लांबीही हलवतो, म्हणून त्याहून मोठी चूक तो मुकाट्याने पचवतो. क्रोनीच्या ट्रॅकिंगमधली फ्रिक्वेन्सीची ओळ दर बूटनंतर वाचायची सवय ठेवली तर असला दोष पहिल्याच दिवशी दिसतो.

१७ मार्च

'क'वर चाचण्या चालू असताना डीमेसेजमध्ये 'टीएससी अस्थिर' असा शेरा, आणि क्लॉकसोर्स एचपीईटीवर गेला. वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला दोन्ही घड्याळं ताडून पाहतो, ५.१० मध्ये फरकाची मर्यादा ६२.५ मिलिसेकंद.

याचा परिणाम घड्याळापेक्षा भारात दिसतो. टीएससी असताना वेळ विचारणं व्हीडीएसओमधून, कर्नेलमध्ये न शिरता होतं. एचपीईटीवर गेलं की प्रत्येक विचारणा पूर्ण सिस्टम कॉल होते आणि वर प्रोसेसरबाहेरचं संथ रजिस्टर वाचावं लागतं. दर ओळीला वेळ लिहिणाऱ्या प्रोग्रामचा सिस्टम वेळ अचानक वाढतो आणि दोष प्रोग्रामवर येतो. ओळखायला सिस्टम कॉल दाखवणारा एसट्रेस पुरे: चालत्या प्रोसेसवर क्लॉक-गेटटाइमचे कॉल दिसायला लागले की व्हीडीएसओची वाट बंद आहे. निरोगी यंत्रावर ते दिसतच नाहीत.

टीएससीला 'विश्वसनीय' जाहीर करून वॉचडॉग बंद करायचा मोह होतो. आधी सीपीयूच्या माहितीत कॉन्स्टंट आणि नॉनस्टॉप दोन्ही झेंडे आहेत का पाहायचं, मग डीमेसेजमध्ये टीएससी-ॲडजस्टबद्दल फर्मवेअरला दोष देणारी ओळ आहे का. ती असेल तर फर्मवेअर आपल्या व्यत्ययात (इंटरप्टमध्ये) रजिस्टर बदलतं आहे, आणि वॉचडॉग खरंच बोलतो आहे. 'क'वर ती ओळ होती. फर्मवेअर अद्ययावत केलं. शेरा परत आला नाही, पर्यायाला हात लावावा लागला नाही.

एचपीईटीही नाही आणि एसीपीआय टायमरवर येऊन पडलं, तर एक खूण लक्षात ठेवावी. तो टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा आणि २४ बिटांचा, ४.६९ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. व्यत्यय त्याहून जास्त वेळ बंद राहिले, उदाहरणार्थ कर्नेल डीबगरमध्ये थांबल्यावर, तर हरवलेला वेळ ४.६९ च्या पटीत असतो.

१९ मार्च

'क'ची पाच मिनिटं सुटली.

कर्नेलचा टिक-मोजक, जिफीज, शून्यापासून सुरू होत नाही. ३२ बिटांच्या टोकाच्या बरोबर ३०० सेकंद अलीकडून सुरू होतो, म्हणजे ओलांडणीचे (मोजक भरून पुन्हा शून्यावर जाण्याचे) दोष ग्राहकाकडे महिन्यांनी न दिसता बनवणाऱ्याच्या टेबलावर पाच मिनिटांत दिसावेत. एचझेड २५० ला शून्यापासून मोजलं असतं तर ही ओलांडणी जवळजवळ १९९ दिवसांनी आली असती. ६४ बिटांच्या यंत्रावर जिफीज स्वतः न फिरता ३३ व्या बिटात जातो, पण खालचे ३२ बिट त्याच क्षणी शून्य होतात.

ड्रायव्हरमध्ये शेवटच्या उत्तराची वेळ अनसाइन्ड इंटमध्ये, ३२ बिटांत, साठवली आहे. पहिली पाच मिनिटं जिफीज ३२ बिटांत मावतो आणि तुलना बरोबर येते. त्यानंतर डावीकडे ३३ बिटांचा आकडा, उजवीकडे कापलेला. 'मुदत संपली' हे कायमच खरं. प्रत्येक विनंती पुनर्प्राप्तीत जाते, तिथे ५०० मिलिसेकंदांचा एमस्लीप, पुन्हा विनंती, पुन्हा पुनर्प्राप्ती. दोन वाहिन्या, दोन थ्रेड, भार २.००. म्हणजे ५ तारखेचा 'कोणाचंही काम अडलेलं नाही' हा शेरा अर्धाच बरोबर होता: प्रोसेसर मोकळा होता, पण ते उपकरण पाच मिनिटांनंतर प्रत्येक विनंतीला अर्धा सेकंद उशीर करत होतं. तो शेरा खोडला.

बदल दोन. साठवणीचा प्रकार अनसाइन्ड लाँग (इथे ६४ बिट), आणि तुलना थेट 'पेक्षा मोठं' अशी न करता टाइम-आफ्टर मॅक्रोने. दुसरा, पुनर्प्राप्तीतला एमस्लीप काढून शेड्यूल-टाइमआउट-आयडल. ही टास्क-आयडल स्थिती ४.२ पासून आहे: झोप अखंडच, पण भारात मोजली जात नाही, आणि पीएसमध्ये डीऐवजी आय दिसतं. फक्त दुसरा बदल केला असता तर आकडा शून्य झाला असता आणि उपकरण तसंच रखडत राहिलं असतं. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पॅचमध्ये, पहिला आधी.

२० मार्च

पॅच घातलेलं मॉड्यूल चालत्या यंत्रावर बदललं. आकडे लगेच तपासायचे नाहीत: २.०० वरून एक मिनिटाचा आकडा मिनिटाने ०.७४, दोन मिनिटांनी ०.२७. पंधरा मिनिटांच्या आकड्याला ०.१० गाठायला पाऊण तास लागतो. नोंद त्याप्रमाणेच उतरली. रीबूट करून सहाव्या, दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला पाहिलं. डी स्थितीत कोणी नाही, उपकरणाची उत्तरं वेळेत.

उरलेलं काम: 'क'च्या जुन्या डीमेसेजमधल्या वेळा बाकीच्या नोंदींशी जुळवताना थेट तारखेत बदललेल्या ओळी वापरू नयेत. त्या शिक्क्यांना एनटीपीची दुरुस्ती लागू होत नाही आणि यंत्र निद्रेत गेलेला वेळही त्यांत धरलेला नसतो. दशलक्षात २० भागांच्या चुकीनेसुद्धा १०० दिवसांत जवळपास तीन मिनिटांचा फरक पडतो. जर्नलमधल्या वेळा घ्याव्यात. 'ख'च्या कर्नेल बदलाची तारीख ठरायची आहे.